दुधाचे खाडे

किरकटवाडीच्या पायगुड्यांच्या घरात एके काळी दुधाचे इतके खाडे पडत, की बघणाऱ्याला वाटावं, यांचा गवळी महिन्यातले दहा दिवस लग्नाकार्यातच असतो. फ्रिजशेजारी खिळ्याला कॅलेंडर, त्याला सुतळीने बांधलेलं पेन, आणि तारखांवर निळ्या फुल्या. दूध आलं नाही की फुली, ही रीत घरोघरची. ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही आणि तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघतही नाही. म्हणूनच तर शकूबाईंनी ती निवडली होती. त्यातली एकही फुली दुधाची नव्हती. सगळ्या फुल्या शकूबाईंच्या पोटाच्या होत्या.

शकुंतला आप्पासाहेब पायगुडे, वय आज एकोणसाठ. लग्न होऊन आल्या तेव्हा दाराशी चार म्हशी होत्या आणि मागे रान. आता रानावर सात मजली इमारती आहेत, आणि गोठ्याच्या जागी पायगुड्यांचंच तीन मजली घर. वरच्या दोन मजल्यांवर कंपनीत जाणारी भाडेकरू पोरं राहतात. म्हशी गेल्या, रान गेलं, पण आप्पासाहेबांची एक गोष्ट गेली नाही, ती म्हणजे बोलणं. घरातल्या प्रत्येकाच्या वतीने बोलायचं कंत्राट त्यांनी घेतलेलं. हॉटेलात गेलं की बायकोला काय आवडतं ते तेच वेटरला सांगणार. बँकेत तिची सही कशी आहे तेही तेच सांगणार. फोटो काढताना "हिला हसायला आवडत न्हाई" असं त्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी शकूबाई फोटोत हसेनाशा झाल्या.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पोटाचं सुरू झालं. पहाटे पोटात पिळा बसायचा, तो असा की पायात चप्पल घालायलाही सवड नाही. एकदा, दोनदा, तीनदा. मग दिवसभर पोट नगाऱ्यासारखं तट्ट. मध्येच चार दिवस सगळं बंद, की पुन्हा तेच. लग्नाला निघायचं असो की नुसतं भाजीला, घराचा उंबरा ओलांडायच्या आधी हमखास कळ. महिनाभर सोसलं आणि मग त्यांनी नवऱ्याला सांगितलं. आप्पासाहेबांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

"पित्त असंल. गार दूध पी."

आपल्याकडे पित्ताइतकं सोयीचं दुखणं दुसरं नाही. डोकं दुखलं, पित्त. चक्कर आली, पित्त. जावई रुसून बसला तरी सासू म्हणते, पित्ताची प्रकृती आहे हो त्यांची. आणि पित्तावर गार दूध. शकूबाईंनी दोन आठवडे रोज गार दूध प्यायलं, आणि जी काही दुपार बरी जात होती तीही गेली. दुधानेच बिघडतंय हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. पण सांगणार कुणाला? "ज्या सुनेला दूध पचत न्हाई, ती पायगुड्यांच्या घरात कशाला आली?" असं सासू हयात असताना धाकट्या जावेला म्हणाली होती, तेही पंगतीत. ती जाव पुढे नाक दाबून दूध प्यायची. शकूबाईही प्यायल्या. त्या पेल्याची आठवण झाली की आजही त्यांचा संताप होतो, आणि तो मेलेल्या सासूपेक्षा स्वतःवर जास्त होतो.

त्यांची बहीण कौशल्या कर्वेनगरला राहते. "बहिणीकडं जाऊन येते" असं सांगून त्या तिच्याबरोबर पोटाच्या डॉक्टरांकडे गेल्या. रक्त तपासलं, दुर्बीण घालून पाहिलं. गाठ नाही, जखम नाही, सूज नाही. डॉक्टर वयस्कर होते, अस्सल पुणेरी, शब्द मोजून वापरणारे.

"आयबीएस म्हणतात याला. आतडं धडधाकट आहे, पण चिडकं आहे. जरा काही झालं की चिडतं."

शकूबाई बसमध्ये खिडकीशी बसून त्या शब्दावर विचार करत राहिल्या. चिडकं. बरोबरच होतं की. ज्या घरात बाईने चिडायचं नसतं, तिथे तिच्या आत कुणीतरी चिडणारच. तीस वर्षांचं साठलेलं ते आतड्याने उपसायला काढलं होतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काय खायचं नाही ते सांगितलं आणि म्हणाले, कुठल्या दिवशी बिघडतं ते लिहून ठेवा, म्हणजे कशाने बिघडतं ते तुम्हालाच कळेल. लिहायचं कुठे? त्या घरात वही ठेवली तर वाचणारे चार जण. म्हणून कॅलेंडर. खराब दिवस असला की त्या तारखेवर फुली, भर चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कुणाला संशय नाही.

दुसऱ्या वर्षी एका महिनाअखेरीला आप्पासाहेबांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि फुल्या मोजल्या. अकरा.

म्हशी विकल्यापासून दूध घालायला उत्तरेश्वर यायचा. बार्शीकडचा माणूस, पोट भरायला पुण्यात आलेला. खडकवासल्याच्या बाजूला भाड्याच्या जागेत सहा म्हशी बांधलेल्या. पाऊस असो, बंद असो, सहाच्या आत कॅन दारात. आप्पासाहेबांनी त्याला अंगणात उभा केला आणि कॅलेंडर त्याच्या तोंडासमोर धरलं.

"अकरा दिवस दूध न्हाई, आन् तू वर तोंड करून पूर्ण महिन्याचं मागतोस?"

उत्तरेश्वरने फुल्यांकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या शकूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात पिठाची परात होती. त्याने मान खाली घातली.

"आसतील," तो म्हणाला.

"आसतील म्हंजे? चोरी पकडली तवा आसतील व्हय?" आप्पासाहेबांचा आवाज चढला. शेजारचे गॅलरीत आले, भाडेकरू पोरं जिन्यात थांबली. चोर, लबाड, दुधात पाणी आणि हिशेबात फुल्या, जे तोंडाला येईल ते. उत्तरेश्वरने कॅन सायकलला अडकवला आणि तो निघून गेला. पुन्हा आला नाही. गावात चार घरांनी त्याचं दूध बंद केलं.

आणि शकूबाई? परात घेऊन उभ्या होत्या. एक वाक्य बोलायचं होतं, "अहो, त्या फुल्या माझ्या हायेत." पण लोक बघत होते, आणि लोकांसमोर पोटाचं कसं काढायचं? त्या आत गेल्या आणि त्यांनी भाकऱ्या थापल्या. त्या दिवसापासून दूध पिशवीचं, आप्पासाहेब स्वतः डेअरीतून आणायचे. फुल्यांची टिंबं झाली. तारखेच्या कोपऱ्यात एक बारीक टिंब, माशीने घाण केल्यासारखं. कुणी विचारलं नाही.

अशी वर्षं गेली. घराबाहेर जायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं, हा नेम. मुलीच्या, नम्रताच्या, लग्नात त्या दोन दिवस नुसत्या भाताच्या पेजेवर होत्या. तरी ऐन मंगलाष्टकांत कळ आली. शेवटचं मंगलाष्टक त्यांनी कार्यालयाच्या संडासात, कडीला हात लावून ऐकलं. बाहेर आप्पासाहेब लोकांना सांगत होते, "आईचं काळीज, कोपऱ्यात रडत असंल." रडतच होत्या, पण त्याचं कारण काळीज नव्हतं.

मग खुबे गेले. दोन्ही बाजूंचे सांधे झिजले, डावा आधी. सांधा बदलायचा ठरला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रुग्णालयात भूल देणाऱ्या डॉक्टर तपासायला आल्या. तरुण होत्या, स्वराली मॅडम म्हणत त्यांना. हातात फॉर्म, एकामागून एक प्रश्न. शुगर, बीपी, दमा. मग पोट.

"पोटाचा काही त्रास? जुलाब, बद्धकोष्ठता, काही?"

"छे छे!" आप्पासाहेब म्हणाले. "पोट एकदम साफ. दुधातुपावर पोसलेला पिंड हाय आमच्याकडं."

मॅडमनी फॉर्मवर काट मारली आणि पुढचा प्रश्न विचारला. शकूबाईंनी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.

त्या एका काटेचे परिणाम पुढे आले. ऑपरेशन छान झालं. पण पोटाचं काही लिहिलेलंच नसल्यामुळे सगळ्यांना देतात ते सगळं यांनाही दिलं. जखम चिघळू नये म्हणून अँटिबायोटिक. वेदनेच्या औषधाने पोट बांधतं, म्हणून संध्याकाळी जुलाबाचं सिरप. शकूबाईंची रोजची पोटाची गोळी घरी लपवलेल्या डबीत राहिलेली, ती मागायची कशी? त्यात भेटायला येणारे. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून ज्याच्या त्याच्या हातात थर्मास, आणि थर्मासमध्ये हळद घातलेलं म्हशीचं दूध. "हाडं भरून येत्यात." प्रत्येकाचा एक एक घोट, नाही म्हणायची सोय नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाटेभोवती सहा जण बसले होते. माजी सरपंच ज्ञानदेवराव खुर्चीत, बाकीचे स्टुलांवर आणि खिडकीत. रिंग रोडच्या जमिनीवर चर्चा रंगलेली. शकूबाईंच्या पोटात पिळा बसला. पाय पलंगाला खिळलेले, दोन पायांच्या मध्ये उशी बांधलेली. त्यांनी नवऱ्याच्या बाहीला हात लावला.

"अहो. भांडं. मावशींना बोलवा."

आप्पासाहेब वाकले आणि कानाशी म्हणाले, "थांब की जरा. पाव्हणे उठू दे."

पाव्हणे उठले नाहीत. चादर भिजली. आधी वास गेला, मग सगळ्यांच्या नजरा गेल्या, खिडकीबाहेर, पंख्याकडे, मोबाईलमध्ये. एकानेही काही म्हटलं नाही. ज्ञानदेवराव घसा खाकरून म्हणाले, "बरं, येतो आता." त्या सभ्यपणाचाच शकूबाईंना सगळ्यात जास्त राग आला. कुणीतरी ओरडायला हवं होतं. मांजरासारखे सगळे पाय न वाजवता निघून गेले, आणि जाताना दारात आप्पासाहेब त्यांना सांगत होते, "औषधांनी होतं आसं."

सुनेने, निशाने, मावशींच्या बरोबरीने सगळं पुसलं. ती बँकेत नोकरी करते, त्या दिवशी सुट्टी काढून आली होती. सर्जन आले आणि पट्टी उघडून बघून वैतागले. "घाण जखमेपर्यंत गेली असती ना, तर सांधा काढून टाकावा लागला असता. नशीब समजा." नशीब! शकूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. घरी आल्यावर त्यांनी एकच वाक्य सांगून ठेवलं, "दुसरा खुबा करायचा न्हाई. मी सरपटत जाईन."

आणि खरोखरच सरपटायची वेळ आली. दोन वर्षांत उजवा पाय इतका गेला, की पलंगापासून संडासापर्यंतची बारा पावलं म्हणजे एक यात्रा. पोट वाट बघत नाही आणि पाय उचलत नाही. दोन दुखणी एकमेकांना सामील झाली आणि मध्ये शकूबाई भरडल्या. या जानेवारीत निशा जुनी कॅलेंडरं रद्दीत टाकायला निघाली. फळीवर गठ्ठाच होता.

"टाकू नकोस!" शकूबाई इतक्या जोरात ओरडल्या, की निशाच्या हातातून गठ्ठा पडला.

"अहो आई, दुधाचे खाडे जपून काय करायचंय?"

शकूबाईंनी कॅलेंडरांकडे पाहिलं, आणि मग या पोरीकडे, जिने एकदा आपल्याला नाक न मुरडता पुसून घेतलं होतं.

"दुधाचे न्हाईत ते," त्या म्हणाल्या. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सगळं सांगितलं. फुल्या, टिंबं, गोळ्या, कार्यालयातली कडी, उत्तरेश्वर. निशा जमिनीवर मांडी घालून ऐकत राहिली. तिने मध्येच एकदा डोळे पुसले, आणि मग तिला राग आला.

"आई, हे सगळं मागच्या वेळी डॉक्टरांना माहीत असतं, तर ते सिरप त्यांनी दिलंच नसतं तुम्हाला. तुम्ही हे घेऊन चला. ऑपरेशन करायचं, पण हे दाखवून. आणि बोलायचं तुम्ही."

फेब्रुवारीत त्याच रुग्णालयात, त्याच स्वराली मॅडम, तोच फॉर्म. शकूबाई खुर्चीत, शेजारी आप्पासाहेब, मागे निशा कापडी पिशवी घेऊन उभी. शुगर, बीपी, दमा. मग पोट.

"पोटाचा काही त्रास?"

"छे छे, पोट एकदम..."

"तुम्ही गप बसा!"

काठी फरशीवर आपटली. बाहेर बसलेले पेशंटसुद्धा वळून बघायला लागले. शकूबाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली. अकरा कॅलेंडरं.

"हा त्रास हाय. अकरा वर्षं. आयबीएस. फुली म्हंजे खराब दिवस, टिंब म्हंजे पण खराब दिवस. लगीन, परगाव, भांडण, दूध, हरभऱ्याची डाळ, कशानं काय होतं ते सगळं मला पाठ हाय."

आप्पासाहेब एका कॅलेंडरावर वाकले. त्यांचं बोट एका फुलीवर थांबलं.

"हे तर दुधाचे खाडे."

"दुधाचे न्हाईत. माझ्या पोटाचे."

मॅडमनी कॅलेंडरं उलगडून पाहिली. बराच वेळ. मग त्या जरा कडक आवाजात म्हणाल्या, "आजी, हे मागच्या वेळीच सांगायला हवं होतं. आम्ही विचारतो ते उगाच नाही."

शकूबाईंना तेच हवं होतं जणू. "मागच्या येळी तुम्ही मला विचारलंच न्हाई. आठवा. ह्यांच्याकडं बघून विचारलं. आत्ताबी ह्यांच्याकडं बघूनच विचारलं. पोट कुणाचं हाय?"

मॅडमनी खुर्ची वळवली, शकूबाईंच्या समोर आणली आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. कुठली गोळी चालू आहे, ती ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही चालू ठेवायची. जुलाबाचं औषध सरसकट द्यायचं नाही, पोट बांधलंच तर यांना विचारून, थोडं. अँटिबायोटिक गरजेपुरतं. दूध बंद, मऊ भात, पेज, मुगाचं पातळ वरण. खाटेला लागून कमोडची खुर्ची, आणि पहिल्याच दिवशी वॉकर धरून तिच्यावर बसायचं शिकवायचं. मॅडम एक एक लिहीत होत्या आणि शकूबाई मान हलवत होत्या. इतकं सोपं होतं. अर्ध्या पानाचं काम. यासाठी अकरा वर्षं आणि एक भिजलेली चादर लागली.

मॅडमनी संमतीपत्र पुढे केलं. गुरुवारचं ऑपरेशन. आप्पासाहेबांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं.

"सही करणार न्हाई," शकूबाई म्हणाल्या.

"आता काय ऱ्हायलं?"

"आधी उत्तरेश्वरकडं जायचं. त्याला सांगायचं, त्या फुल्या तुझ्या नव्हत्या. माझ्या बायकोला हगवण लागायची, त्याच्या होत्या."

आप्पासाहेबांनी मॅडमकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "पोराला पाठवतो. न्हाईतर फोन करू."

"तुम्ही त्याला चोर फोनवर म्हनाला व्हता का? दारात म्हनाला व्हता, चार लोकांत. दारातच सांगायचं. आन् पित्त म्हनायचं न्हाई."

दोन दिवस ते फुरंगटून बसले. जेवण नीट नाही, पेपर नाही. शकूबाईंनी फॉर्म देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता, सहीची जागा कोरी. बुधवारी सकाळी आप्पासाहेब पायात चपला घालून अंगणात उभे राहिले आणि मुलाला, पृथ्वीराजला, म्हणाले, "गाडी काढ." शकूबाई म्हणाल्या, मीही येणार. पृथ्वीराजने त्यांना उचलूनच मागच्या सीटवर बसवलं.

खडकवासल्याच्या अलीकडे आत वळून गोठा. उत्तरेश्वर आता पांढरा झाला होता, पण ओळखू येत होता. धारा काढून झालेल्या, दोन-तीन गिऱ्हाइकं बरण्या घेऊन उभी. शकूबाईंनी गाडीची काच पूर्ण खाली केली. आप्पासाहेब शेणातून पाय चुकवत पुढे गेले. जन्मभर बोलत आलेल्या त्या माणसाला पहिलं वाक्य सापडेना. घसा खाकरून झाला, धरणातलं पाणी किती यावरही दोन वाक्यं झाली. मग ते म्हणाले, खाली बघत, पण गाडीपर्यंत ऐकू येईल इतक्या आवाजात:

"त्या फुल्या तुझ्या नव्हत्या. हिच्या पोटाच्या व्हत्या. हिला हगवण लागायची. मी तुला चोर म्हनलो. चुकलो."

बरण्यावाल्या बाईने पदर तोंडाला लावला. उत्तरेश्वर हात धोतराला पुसत सरळ गाडीच्या खिडकीशी आला.

"वैनी, मला तवाच ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"पहाटं मी दूध घालाय यायचो, तर तुमच्या संडासाचा दिवा चालू. आठवड्यातनं तीन-चारदा. तुमी भिंतीला धरून येताना पण पाह्यलंय. अन् फुल्या बगितल्यावर ध्यानात आलं."

शकूबाईंच्या डोळ्यांत आग आली. "मग बोलला का न्हाईस, मुडद्या? चोर म्हनवून घेतलंस?"

"बाईमाणसाच्या पोटाचं चारचौघांत कसं काढायचं, वैनी? अन् गवळ्याला तर कुणी ना कुणी रोजच चोर म्हनतंय."

शकूबाई रडल्या, आणि रडता रडता चिडल्या. सगळे शहाणे. नवरा घराण्याची लाज राखतो, पाव्हणे खोलीची लाज राखतात, आणि हा बिचारा स्वतःचं नाव घालवून तिची लाज राखतो. सगळ्यांनी मिळून तिची लाज राखली आणि तिला जिवंत मारलं. आणि त्यात पहिला नंबर तिचा स्वतःचाच, परात घेऊन उभी होती ती.

"चूक माझी व्हती," त्या म्हणाल्या. "मी बोलायला पायजे व्हतं. त्या दिवशी, तिथंच."

उत्तरेश्वर आत गेला आणि पितळी पेला घेऊन आला. निरसं, फेसाळ, कोमट दूध. दारी आलेल्याला दुसरं काय देणार? आप्पासाहेबांनी सवयीने पेला घेऊन बायकोपुढे केला. शकूबाईंनी तो हाताने परत सारला.

"दूध नको. मला दूध सोसत न्हाई."

साधं वाक्य. एकोणसाठ वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालेलं. उत्तरेश्वर हसला, "मंग कोरा च्या टाकतो," आणि त्याने खरोखर टाकला. गाडीतच बसून त्यांनी तो प्यायला, आणि कप सीटवर ठेवून बरोबर आणलेला फॉर्म गुडघ्यावर धरला. सही करून टाकली.

गुरुवारी ऑपरेशन झालं. शुक्रवारी फिजिओथेरपीच्या मुलीने वॉकर धरून त्यांना कमोडच्या खुर्चीवर बसायला शिकवलं. पोट कुरकुरलं, चिडलं, पण ठरल्याप्रमाणे सगळं असल्याने आटोक्यात राहिलं. शनिवारी पाव्हणे आले. तेच, ज्ञानदेवरावांसकट. थर्मासही तेच. रिंग रोडही तोच. ज्ञानदेवरावांनी झाकणात दूध ओतलं आणि हात पुढे केला, तेवढ्यात शकूबाईंच्या पोटात ओळखीचा पिळा बसला.

त्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी तोंड उघडलं होतं. ते काय म्हणणार होते, ते कळायला शकूबाई थांबल्या नाहीत.

"उठा सगळे. मला परसाकडं जायचंय."

ज्ञानदेवराव हातात दुधाचं झाकण घेऊन उभे राहिले. स्टुलं सरकली, कुणाची तरी चप्पल राहिली. निशाने वॉकर पुढे केला, पडदा ओढला. चार पावलं, मग खुर्ची. वेळेत. अगदी वेळेत. पडद्यापलीकडे ज्ञानदेवराव हळूच विचारत होते, "काय झालं वो वैनीला?"

मग आप्पासाहेबांचा आवाज आला, अगदी बारीक, देवळात बोलावं तसा.

"पोटाचा आजार हाय तिला. अकरा वर्षं झाली. मला आत्ता कळलं."

शकूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरला होता. त्यांनी मान वर केली आणि पडद्याकडे तोंड करून ओरडल्या:

"मोठ्यानं सांगा! पलीकडच्या खाटेला ऐकू गेलं न्हाई!"